हिवाळ्यात मॉडेल रॉकेटचा धंदा: शटर ओढायचं की तग धरायचा?

पुठ्ठाबहाद्दर

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होतो, आज धागा काढायची वेळ आली.

घरच्या एका खोलीतून मॉडेल रॉकेटच्या किट विकतो. बॉडी ट्यूब (पुठ्ठ्याची नळी) आणि नोज कोन (वरचं टोक) बाहेरून आणतो, बाल्साच्या हलक्या लाकडाच्या फिन, म्हणजे शेपटीचे पंख, स्वतः कापतो, पॅराशूटच्या दोऱ्या बायको बांधते (आणि माझ्यापेक्षा नीट बांधते). मोटर, म्हणजे रॉकेट उडवणारी बंदुकीच्या दारूची नळी, तयार घेऊन पुढे विकतो. उडवण्याचा हंगाम असतो तोवर बरं चालतं. थंडी पडली की फोन वाजायचा बंद.

गेल्या हिवाळ्यात दोन शहाणपणा केले. एक म्हणजे उरलेल्या मोटरवर सवलत लावली. दुसरा, ज्या तरीही खपल्या नाहीत त्या मागच्या शेडमध्ये रचून ठेवल्या, कारण घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सवलतीत मोटर गेल्या, पण थंडी सरल्यावर जी नेहमीची गिऱ्हाइकं यायची ती आलीच नाहीत. त्यांनी स्वस्तात भरून ठेवलं होतं ना! शेडमधल्या मालाचं तर विचारूच नका. नव्या हंगामातलं पहिलं लाँच, मुलं ओळीनं उभी, पाच-चार-तीन-दोन-एक झालं, बटण दाबलं आणि रॉकेट लाँच रॉडवरच, म्हणजे उडताना सरळ धरणाऱ्या दांड्यावरच, फुटलं. डी मोटर होती (ए, बी, सी, डी अशी ताकद वाढत जाते). फिन एकीकडे, नोज कोन दुसरीकडे, मधे जळकी नळी. सगळे अंतर राखून उभे होते म्हणून कोणाला ओरखडाही आला नाही. पण त्यानंतर एका आईनं मला जो प्रश्न विचारला, "हे असंच असतं का?", त्याला त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता पुन्हा थंडी तोंडावर आली आहे. माल कसा ठेवू, या दिवसांत विकू काय, की सरळ चार महिने बंद ठेवू? अनुभवी लोकांनी बोलावं.

सुतळी

शेडमध्ये! अहो बहाद्दर, उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे.

काळ्या दारूची मोटर म्हणजे कागदी नळीत दाबून बसवलेला दारूचा कडक ठोकळा, खाली मातीचं नोझल. कागद आणि दारू गरम-थंड होताना सारख्या प्रमाणात फुगत-आकसत नाहीत. शेडमध्ये दुपारी ऊन, रात्री गारठा. असं महिनोन्‌महिने चाललं की ठोकळा नळीपासून सुटतो किंवा त्याला तडा जातो. एरवी ठोकळा एका टोकाकडून क्रमानं जळत जातो. फट पडली की ज्योत बाजूनं आत घुसते, एकदम जास्त पृष्ठभाग पेटतो, दाब वाढतो आणि नळी फाटते किंवा नोझल उडतं. तुमचं झालं ते हेच असणार. डी आणि त्यावरच्या मोठ्या मोटरना याचा त्रास जास्त, छोट्या ए-बी त्या मानानं सोशिक.

म्हणजे दोष थंडीचा नाही, चढउताराचा. हीच गोष्ट उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत विसरलेल्या मोटरचीही होते. माल राहत्या घरात, कोरड्या कपाटात, आगीपासून आणि पोरांच्या हातापासून लांब ठेवायचा. किती साठा घरात ठेवता येतो याचा तुमच्या भागातला नियम आधी बघा. खोक्यावर आणल्याची तारीख टाका.

आणि त्या शेडमधल्या उरलेल्या मोटर विकू नका. एकही नाही. बाहेरून बघून आतली फट कळत नाही.

नवा भिडू

एक सुचवू का? हिवाळ्यात रिकामा वेळ आहेच, तर मोटर घरीच बनवून विकल्या तर? नफाही जास्त सुटेल. कृती सगळीकडे मिळतात.

वातकुक्कुट

नव्या भिडू, रागावू नका पण हा विचार डोक्यातून काढून टाका. हा छंद पसरलाच मुळी यासाठी की लोकांनी घरी मोटर बनवू नयेत.

१९५४ साली अमेरिकेत नेब्रास्कातल्या नॉरफोकमध्ये ऑर्व्हिल कार्लाइल नावाच्या गृहस्थानं भाऊ रॉबर्टच्या मदतीनं पहिलं मॉडेल रॉकेट केलं. दुकान जोड्यांचं, शिवाय गडी शोभेच्या दारूकामातला जाणकार. तिकडे तरुण पोरं घरगुती इंधन कुटून हातपाय गमावत होती. त्यावर रॉकेट अभियंते जी. हॅरी स्टाइन यांनी मासिकात लिहिलं, ते वाचून कार्लाइलनं आपली रॉकेटं त्यांना पाठवली. कल्पना एवढीच: दारूचं काम कारखान्यात होईल, पोरं कागद, लाकूड आणि डिंक हाताळतील. १९५७ मध्ये नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री उभी राहिली, सुरक्षा नियम आले. मग व्हर्न एस्टिस यांनी मोटर दाबणारं यंत्र केलं, त्याचं नाव ठेवलं मेबल. त्यानंतर मोटर एकसारख्या आणि भरपूर मिळायला लागल्या.

एका छोट्या दुकानदारानं सुरू केलेला हा उद्योग आहे, त्यात घरी दारू कुटणारा दुकानदार नको. कायद्याचा भाग वेगळाच.

(अवांतर: यंत्राला नाव ठेवणारी माणसं मला आवडतात. माझ्या फिन कापायच्या सुरीचं नाव सांगणार नाही.)

नवा भिडू

समजलं. शब्द मागे घेतो. फिनच कापतो.

रेघोटी

पुठ्ठाबहाद्दर, मी मुलांच्या कार्यशाळा घेते, त्यामुळे माझं गणित थोडं वेगळं. उडवणं हा या छंदाचा दहा मिनिटांचा भाग आहे, बाकी सगळं बांधणं. संध्याकाळी लवकर अंधार पडतो, लोक घरात असतात. मग तुम्ही त्यांना मोटर का विकताय? बांधायला लागेल ते विका. नवख्यांना फिन नीट बसवण्याची सोपी चौकट, अनुभवींना मोठी स्केल मॉडेलं. माणसांना चंद्राकडे नेणारं सॅटर्न पाच प्रत्यक्षात साधारण ११० मीटर उंच होतं. शंभरास एक प्रमाणात ते एक मीटर दहा सेंटिमीटरचं होतं. एवढं रॉकेट नीट करायला अख्खा हिवाळा जातो, आणि माणूस दर आठवड्याला काहीतरी मागवत राहतो.

दुसरं म्हणजे मोटर नसलेली किट साधं पार्सल म्हणून जाते. मोटर पाठवताना धोकादायक मालाचे नियम येतात.

पण एक सावध करते. थंडीतली चिकटवाचिकटवी वेगळी असते. गेल्या वर्षी मी मुलांना गार खोलीत बसवलं. दुसऱ्या दिवशी गोंद वाळून पांढरा, खडूसारखा भुसभुशीत झालेला; बोटानं ढकलली की फिन हातात. लाकडाच्या पांढऱ्या गोंदाला ठरावीक तापमानाखाली सलग पापुद्रा धरता येत नाही. कुठला गोंद किती गारठा सोसतो हे बाटलीवर लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही. एकदा गोठून सुटलेली बाटली तर टाकूनच द्यावी. सुपरग्लूचं उलटं, त्याला हवेतला ओलावा लागतो, कोरड्या हवेत तो पकडायला वेळ घेतो आणि मुलं आणखी ओततात. इपॉक्सी थंडीत घट्ट होते, डब्यात दाणे धरते; कोमट पाण्यात बाटली ठेवली की पूर्ववत होते. "पाच मिनिटांची" इपॉक्सी मात्र पाच मिनिटांत धरेल असं गारठ्यात कोणी समजू नये.

स्प्रे रंगाचं तर बोलायलाच नको. साधारण १० अंशांखाली मारला की ओघळतो नाहीतर धुरकट बसतो. डबा कोमट पाण्यात ठेवून मग मारा. शेगडीजवळ मुळीच नको, दाबाचा डबा आहे तो.

हे सगळं तुमच्या सूचनापत्रकात आहे का?

पुठ्ठाबहाद्दर

रेघोटीताई, नाही. पत्रकात "गोंद लावून रात्रभर वाळू द्या" एवढंच आहे. आता आठवतंय, मागच्या वर्षी थंडीतच तीन-चार तक्रारी आल्या होत्या की फिन सुटल्या. मी मनात म्हटलं, लोकांना डिंक लावता येत नाही. सगळ्यांना "जास्त लावा" असं उत्तर धाडलं होतं. आता लाज वाटते.

उणे पाच

आमच्याकडे बर्फ पडतो आणि आम्ही तरीही उडवतो, त्यामुळे "हिवाळा म्हणजे बंद" हे मला मान्य नाही. पण गिऱ्हाईक हिवाळ्यात का उडवत नाही, तर एकदा वाईट अनुभव येतो म्हणून. ते अनुभव टाळायला शिकवा, विक्री आपसूक होईल.

पॅराशूट पहिलं. पातळ प्लॅस्टिक थंडीत घडी सोडत नाही. घरून घडी करून आणलेलं पॅराशूट बाहेर पडतं ते कुलूप लावल्यासारखं. त्यामुळे घडी लाँच पॅडशी आल्यावर, शेवटच्या क्षणी, आणि आत टाल्कम पावडर भुरभुरून. छोट्या रॉकेटला पॅराशूटऐवजी स्ट्रीमर, म्हणजे फडफडणारी लांब पट्टी, लावा, थंडीत तो जास्त भरवशाचा आणि वाऱ्यानं लांब जात नाही. नोज कोन नळीला बांधून ठेवणारा रबरी शॉक कॉर्डही कडक होतो, ताण सोसण्याआधी तुटतो.

बॅटरी दुसरी. अल्कलाइन सेल गार झाले की आतली रासायनिक क्रिया मंदावते, प्रवाह कमी मिळतो, दिवा लागतो पण इग्नायटर (मोटर पेटवणारी तार) पेटत नाही. लोक समजतात इग्नायटर खराब. सेल आतल्या खिशात ठेवायचे, उडवताना कंट्रोलरमध्ये, म्हणजे बटणाच्या डबीत, टाकायचे. आणि पेटलं नाही तर लगेच धावायचं नाही: सुरक्षा चावी काढा, ६० सेकंद थांबा, मग जवळ जा. गारठ्यानं दात वाजत असताना तो मिनिट फार लांब असतो, म्हणून तर मुद्दाम सांगतो.

पांढरं रॉकेट बर्फात टाकून मग शोधण्याची मजा एकदाच घ्यावी. नारिंगी किंवा काळा रंग. बर्फात पडलेली नळी लगेच पुसायची, नाहीतर पुठ्ठा भिजून पापुद्रे सुटतात. भिजलेलं रॉकेट जडही होतं, मग त्याला कमी विलंबाची मोटर लागते. सी सहा-पाचऐवजी सी सहा-तीन (शेवटचा आकडा म्हणजे मोटरचा जोर संपल्यावर पॅराशूट बाहेर फेकेपर्यंतचे सेकंद). बर्फ नसेल पण जमीन गोठली असेल तर ती दगडासारखी असते, तिथे फिन मोडतात. प्लॅस्टिकच्या फिन तर गारठ्यात ठिसूळ झालेल्या असतात, त्या लाकडाच्या आधी जातात.

मी याचं एक छोटं पाकीट करून विकतो: स्ट्रीमर, पावडर, सुती शॉक कॉर्ड, एक भडक रंगाची चिकटपट्टी आणि एका पानाची सूचना. किटपेक्षा स्वस्त, पण किटपेक्षा जास्त वेळा परत मागतात.

गणिताची वही

उणे पाच यांना जोड देते. थंडीत रॉकेट कमी उंच गेलं की गिऱ्हाईक मोटरवर खापर फोडतं. त्याचा मोठा भाग हवेचा असतो. समुद्रसपाटीला शून्य अंशाला हवेची घनता सुमारे १.२९ किलो प्रति घनमीटर, ३० अंशाला सुमारे १.१६. म्हणजे थंडीत हवा जवळपास ११ टक्के दाट, तेवढाच जास्त अडथळा. हलक्या, वेगवान रॉकेटला हे चांगलंच जाणवतं.

आता गंमत. हवेच्या दाबावर उंची मोजणारा अल्टिमीटर जर तापमानाची दुरुस्ती करत नसेल, तर तो प्रमाणित वातावरण धरतो, जमिनीवर १५ अंश. जमिनीवर शून्य अंश असताना त्यानं २०० मीटर दाखवले तर खरी उंची सुमारे १९० असते. केल्विनमध्ये २७३ भागिले २८८ करा, उत्तर मिळतं. म्हणजे रॉकेट आधीच कमी गेलेलं, आणि यंत्र ते लपवतंय! दोन मित्र एकाच रॉकेटच्या उन्हाळ्यातल्या आणि हिवाळ्यातल्या आकड्यांवर भांडताना मी पाहिले आहेत.

तुमच्यासाठी मुद्दा असा की ओपनरॉकेट हे रॉकेटचं उड्डाण पडद्यावर करून बघायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात तापमान, वारा, लाँच रॉडची लांबी बदलून बघता येतं. गुरुत्वमध्य (जिथे वजन तोललं जातं) दाबमध्याच्या (जिथे हवेचा जोर एकवटतो) पुढे नळीचा किमान एक व्यास हवा, हे मुलांना कागदावर शिकवलं तर कंटाळतात. पडद्यावर फिन छोटी करून रॉकेट गटांगळ्या खाताना दाखवलं की लक्षात राहतं. हिवाळ्यात संध्याकाळचे चार वर्ग घ्या, शेवटी प्रत्येकानं स्वतःच्या आराखड्याच्या फिन तुमच्याकडून कापून घ्यायच्या.

जुनी तिजोरी

मी असाच धंदा सहा वर्षं करून बंद केला, म्हणून जरा कडू बोलतो. वर सगळे काय विकायचं ते सांगताहेत. माझं दुकान विक्री नव्हती म्हणून नाही बुडालं. पैसा चुकीच्या जागी अडकला म्हणून बुडालं.

हंगाम संपताना मला वाटायचं, मोटर घेऊन ठेवाव्यात, पुढच्या वेळी कमी पडायला नकोत. मग थंडीत सगळी रक्कम अशा मालात, जो जपायला कठीण, पाठवायला कठीण, आणि त्या दिवसांत विकायला सगळ्यात कठीण. नळ्या आणि बाल्सा घ्यायला हातात पैसा नाही, आणि नेमकं तेच तेव्हा विकलं जात होतं.

मग आगाऊ नोंदणी सुरू केली: आत्ता पैसे द्या, हंगामात किट घ्या. पैसे आले, मी ते भाड्यात आणि घरखर्चात घातले. किट द्यायची वेळ आली तेव्हा माल आणायला काही नव्हतं. एका पुरवठादारानं त्यात सहा आठवडे उशीर केला. लोक गप्प बसले, पण पुढच्या वर्षी आले नाहीत. आगाऊ पैसा घ्यायचा तर वेगळ्या डब्यात ठेवायची ताकद असली तरच घ्या.

सवलतीबद्दल तुमचं तुम्हीच लिहिलंय. सुटे भाग स्वस्त करा हवं तर. मोटर कधीच नाही.

आणि बंद ठेवण्यात काही कमीपणा नाही. दुसरं काम असेल तर दोन महिने पाटी उलटी करा, फक्त उत्तरं द्यायचं थांबवू नका. माझी निम्मी गिऱ्हाइकं "हे दुकान अजून आहे का?" असं विचारून मग दुसरीकडे गेली होती.

मोकळं माळरान

सगळे बर्फ आणि गोठलेली जमीन बोलताहेत. सौम्य थंडीच्या भागात हिवाळा हाच उडवायचा हंगाम असतो हो! सकाळी वारा पडलेला, आकाश स्वच्छ. मी तर माझा सगळा जोर तेव्हाच लावतो आणि पावसाळ्यात हात टेकतो.

पण वाळलेलं गवत. आमच्या एका लाँचला पॅडखालचं गवत पेटलं, नशीब की पाण्याचे दोन कॅन आणि ओलं पोतं हाताशी होतं. पॅडभोवतालची जागा आधी साफ करा, ज्वाळा अडवायची पत्र्याची चकती विसरू नका, पॅराशूट जळू नये म्हणून घालतात तो वॅडिंगचा कागद अग्निरोधकच वापरा. उभ्या रेषेपासून ३० अंशांपेक्षा जास्त तिरपं उडवू नका आणि वारा ताशी ३२ किलोमीटरच्या वर असेल तर घरी जा. जागेची परवानगी सगळ्यात आधी.

वातकुक्कुट

मोकळं माळरान यांच्या पहिल्या ओळीशी सहमत. बाकी बहाद्दर, तुमच्याकडे नक्की कसा हिवाळा असतो हे सांगा, त्यावर निम्मी उत्तरं बदलतील.

पुठ्ठाबहाद्दर

बर्फ क्वचित. दिवसा बरं, रात्री चांगलाच गारठा, म्हणजे सुतळी म्हणतात तो चढउतार आमच्याकडे पुरेपूर. महिन्यातून एखादा शनिवार उडवण्याजोगा मिळतो.

सध्या ठरवलंय ते असं. मोटरचा नवा साठा नाही. शेडमधला राहिलेला माल निकालात काढायचा, पण कसा ते सांगा. पत्रक नव्यानं लिहायला घेतो.

सुतळी

कागदी मोटर पाण्यात बुडवून ठेवा. एक-दोन दिवसांत नळी मऊ होऊन उलगडते, दारू विरघळून चिखल होतो. उघड्यावर, बादलीत, झाकण न लावता. इग्नायटर आधी वेगळे काढा. मग तुमच्या भागात असा कचरा टाकायचा जो नियम असेल त्याप्रमाणे. जाळून टाकू असं मनातही आणू नका.

पुठ्ठाबहाद्दर

(अडीच महिन्यांनी धागा वर काढतोय.)

बादलीत ४३ मोटर गेल्या. बायको मोजत होती, मी बघत नव्हतो.

पत्रक एका पानाचं तीन पानांचं झालं. त्यात गोंद आणि तापमान आलं, घडी शेवटच्या क्षणी करा आलं, ६० सेकंद थांबा हे जाड अक्षरांत आलं. जुन्या सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवलं, सोबत माफीही, ज्यांना मी "जास्त लावा" म्हटलं होतं त्यांना तर वेगळी. त्यातल्या एकानं उत्तरात त्याच्या मुलानं केलेल्या फिनचा आराखडा पाठवला आणि कापून मागितला. गणिताची वही, तुमच्या कल्पनेप्रमाणे मग दोनच वर्ग घेतले, चार जमले नाहीत. पहिल्या वर्गाला पाच जण, दुसऱ्याला तीन. पण आठांपैकी सहांनी फिन कापून घेतल्या.

विक्री उन्हाळ्याच्या पावपटसुद्धा नाही. पण हातात थोडी रोकड आहे, जी गेल्या वर्षी या दिवसांत नव्हती, आणि ती नळ्यांत घालायची की नाही यावर घरात चर्चा चालू आहे.

आता नवा घोळ. घरात आणलेल्या नळ्यांत नोज कोन ढिले बसायला लागले आहेत. शेडमध्ये होते तेव्हा घट्ट होते. कोरड्या हवेनं लाकूड आकसलं का?

रेघोटी

हो, लाकडी असतील तर तेच. मानेला चिकटपट्टीचा एक वेढा द्या, रॉकेट उलटं धरून हलवलं तर कोन पडता कामा नये, पण ओढल्यावर सहज निघाला पाहिजे. आणि किटमध्ये एक वीतभर चिकटपट्टी टाकून पत्रकात लिहा की पावसाळ्यात तो वेढा काढायचा. नाहीतर तेव्हा कोन अडकून पॅराशूट आतच राहील आणि तुम्ही पुन्हा इथे धागा काढाल.

पुठ्ठाबहाद्दर

चौथं पान लिहायला घेतो.